वॉर्डमधला छोटा रेडिओ: रुग्ण पालथा झोपला तरी सिग्नल टिकवायचा कसा

छातीवर चिकटवायच्या ईसीजी पट्टीचा रेडिओ टेबलावर उत्तम चालतो आणि रुग्णाच्या अंगावर अडखळतो. शरीर म्हणजे बरंचसं खारं पाणी, २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी ते शोषून घेतं. पट्टी अंगाखाली दबली की २५ ते ३० डेसिबल सहज जातात (दर १० डेसिबलला सिग्नलचा दहावा भागच उरतो). हिशेब तिथूनच सुरू करा.

ब्लूटूथ लो एनर्जीचं, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या ब्लूटूथचं, प्रक्षेपण ० डीबीएम (म्हणजे १ मिलिवॉट) आणि रिसीव्हरची संवेदनशीलता, म्हणजे त्याला पकडता येणारा सर्वांत क्षीण सिग्नल, उणे ९५ डीबीएम धरली, तर हाती ९५ डेसिबल. मोकळ्या हवेत १० मीटरला ६० जातात, शरीराचे ३०. उरलेल्या पाचात लोखंडी कॉट, सलाईनचा स्टँड आणि कॉटभोवती उभे नातेवाईक मावत नाहीत. अंतर ५ मीटरवर आणलं की ६ डेसिबल परत मिळतात. म्हणून पट्टीची शक्ती वाढवण्याआधी रिसीव्हर वाढवा: समोरासमोरच्या भिंतींवर दोन, दोन मीटरपेक्षा उंच. रिसीव्हरला वीज सॉकेटमधून मिळते, पट्टीला मात्र बटन सेलवर भागवायचं असतं.

बेळगाव-खानापूरकडच्या जुन्या दवाखान्यांत चिऱ्याच्या जाड भिंती असतात. पावसाळ्यात ओल धरलेली भिंत कोरड्या भिंतीपेक्षा जास्त शोषते, त्यामुळे मे महिन्यातली मोजणी जुलैत खोटी ठरते. खोलीगणिक रिसीव्हर द्या आणि पुढे केबल ओढा. सगळे रिसीव्हर यूपीएसवर ठेवा.

ईसीजीचे सेकंदाला २५० नमुने, प्रत्येकी १६ बिट, म्हणजे ५०० बाइट. दर २०० मिलिसेकंदांनी १०० बाइटचा एक गठ्ठा पाठवा. प्रत्येक वेळी रेडिओ ३ मिलिसेकंद ६ मिलिअँपिअर ओढत असेल, तर सरासरी ०.०९ मिलिअँपिअर पडते. बाकी सर्किटचे ०.३ धरून सीआर२०३२ या बटन सेलचे २२० मिलिअँपिअर-तास कागदावर तीन आठवडे पुरतात, दोनच धरा. सेल उतरत आला की त्याचा आतला रोध वाढतो, प्रक्षेपणाच्या क्षणी व्होल्टेज कोसळतं आणि चिप रिसेट होते. रेडिओच्या पुरवठ्यालगत १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. हा दोष नव्या सेलवर दिसत नाही, म्हणून चाचणी अर्ध्या वापरलेल्या सेलवर घ्या.

अँटेना त्वचेला टेकली की तिचा सूर बिघडतो. मध्ये ४-५ मिलिमीटर फोम ठेवा आणि पट्टी अंगावर लावूनच ट्यूनिंग करा. नुसती नाडी आणि ताप पाठवायचा असेल तर ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा परवानामुक्त पट्टा बरा: तेवढ्याच अंतराला ९ डेसिबल कमी जातात, पण पाव तरंगलांबीची अँटेना साडेआठ सेंटीमीटरहून थोडी जास्त होते.

संपर्क तुटणार हे गृहीत धरा. पट्टीत ६४ केबी मेमरी ठेवली तर सुमारे दोन मिनिटांची नोंद साठते आणि जोडणी आली की मागची भरपाई होते. ‘सिग्नल नाही’ आणि ‘ठोका नाही’ यांचे आवाज वेगळेच हवेत. दोन्हींना एकच भोंगा दिला तर दहाव्या खोट्या हाकेनंतर सिस्टर धावणार नाहीत, आणि त्यात त्यांची चूक नसेल. पडद्यावरची सूचना कन्नड आणि मराठी दोन्हींत द्या. रात्रपाळीला कोण असेल ते आधी ठरलेलं नसतं.

शेवटची मोजणी रात्रभर, माणूस खरोखर झोपलेला असताना करा. सरासरी सिग्नल बघू नका, सर्वांत वाईट एक टक्का नोंदी काढा. त्याही संवेदनशीलतेच्या किमान १० डेसिबल वर नसतील तर रिसीव्हरची जागा बदला.