सील बदलण्याआधी ब्रीदर बघा: फोर-बाय-फोरच्या कामात नवीन आलेल्यांसाठी

गॅरेजला लागल्यावर पहिल्या काही महिन्यांतच हे काम अंगावर येतं: ‘मागच्या हाउसिंगमधून तेल गळतंय, पिनियनचं सील बदलून टाक.’ हाउसिंग म्हणजे मागच्या दोन चाकांमधला गेअरचा डबा आणि पिनियन म्हणजे त्यात ताकद आत आणणारा छोटा दातेरी दांडा. सील बदललं जातं, गाडी जाते आणि पंधरा दिवसांत परत येते. डाग तोच असतो, वर ताशी साठ किलोमीटरच्या पुढे सूं असा नवा आवाज सुरू झालेला असतो. हात कच्चा म्हणून बोलणी बसतात. हात कच्चा नसतो, तपासणी अर्धी झालेली असते: हाउसिंगमधली हवा सोडणारा ब्रीदर कुणी बघितलेलाच नसतो. हे ज्याने सोसलंय त्याला त्या बोलण्यांची चव आयुष्यभर आठवते, म्हणून इथे सविस्तर.

आधी जिवाची गोष्ट. फुल-टाइम ऑल व्हील ड्राइव्ह गाडी, म्हणजे जिच्या चारही चाकांना कायम ताकद जाते ती, दोनच चाकं उचलून गेअरमध्ये कधीही चालवायची नाही. जमिनीवरची दोन चाकं ओढ घेतात आणि गाडी जॅकवरून उडी मारते. चारही चाकं हवेत, स्टँड चारही ठिकाणी, मगच इंजिन सुरू. ‘थोडंसंच फिरवून बघू’ म्हणणाऱ्या वस्तादाचंही या बाबतीत ऐकू नका.

आता गळती. तेल खाली पडतं ती जागा गळतीची नसते. गाडी धावताना वारा तेलाला मागे ढकलतो, त्यामुळे ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांकडे ताकद वाटणाऱ्या डब्याच्या) पुढच्या सीलचं तेल पार मागच्या क्रॉस मेंबरवर सापडतं. ओल्या भागातली सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची जागा शोधा. आपल्याकडच्या गाड्यांना खाली काळ्या मातीचा थर असतोच. ऊसतोडीच्या दिवसांत शेतात जाऊन आलेल्या गाडीचा तर सिमेंटसारखा खरवडावा लागतो. तो थर काढा, डिझेल आणि ब्रशने धुवा, कोरडं करा, संशयाच्या जागी टाल्कम पावडर मारा आणि 15–20 किलोमीटर फिरवून आणा. पांढऱ्या पावडरीवर तेलाची वाट स्वच्छ दिसते. धुतल्याशिवाय निदान करणाऱ्यावर माझा विश्वास नाही, मग तो कितीही जुना मिस्त्री असो.

तेल कुठलं ते बोटावर घेऊन ओळखा. गेअर ऑइल जाड असतं आणि त्याला गंधकाचा उग्र वास येतो. एकदा नाकात बसला की विसरत नाही. एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गेअरबॉक्सचं तेल, बहुतेक लाल असतं आणि काही ट्रान्सफर केसमध्ये तेच भरतात, म्हणून लाल दिसलं की लगेच पॉवर स्टिअरिंगवर बोट ठेवू नका. चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीसचा गोल फवारा दिसला तर सीव्ही जॉइंटचं (चाकाकडे ताकद नेणाऱ्या वळत्या सांध्याचं) रबर बूट फाटलंय. काही गाड्यांत गेअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसमधलं सील गेलं तर जमिनीवर एक थेंब पडत नाही. एकीकडची पातळी घटते, दुसरीकडची वाढते. म्हणून दोन्हीकडची पातळी बघा. तेल काढायचं असेल तर आधी भरायचा प्लग सुटतो का ते पाहा, मग खालचा. खालचा सोडून तेल सांडल्यावर वरचा जाम निघाला तर गाडी तिथेच उभी राहते.

आता सापळा. हाउसिंग म्हणजे बंद डबा. आत थोडं तेल, बाकी हवा. सकाळी 30 अंशांवर उभी असलेली गाडी पुण्याच्या रस्त्याला तासभर पळाली आणि तेल 90 अंशांवर गेलं, तर आतली हवा फुगते. वाट नसेल तर दाब सुमारे 0.2 बारने चढतो. आकडा लहान वाटतो, पण ऑइल सीलचा ओठ तेल अडवण्यासाठी असतो, दाब अडवण्यासाठी नाही. तो उचलला जातो आणि तेल बाहेर येतं. ही हवा सोडायला हाउसिंगच्या वर छोटी टोपी किंवा नळी असते, तोच ब्रीदर. काळी माती त्यात बसली की सुकून दगड होते. मग तुम्ही कितीही भारी सील घाला, नवं सीलही पंधरा दिवसांत घाम फोडणार.

याची उलटी बाजू आणखी वाईट. तापलेलं हाउसिंग ओढ्याच्या पाण्यात उतरलं की आतली हवा झटकन आकसते. ब्रीदर बंद असेल तर ती सीलच्या ओठातून पाणी खेचते. तेल दुधाळ निघालं तर हे समजा. तेल बदला, थोडं चालवून पुन्हा बदला.

तपासायला पाच मिनिटं पुरतात. गाडी फिरवून आणा, गरम असतानाच हातमोजा घालून भरायचा प्लग अगदी हळू ढिला करा. फुस्स असा आवाज आला तर ब्रीदर बंद आहे. काहीच आला नाही तरी टोपी बोटाने उचलून, फिरवून बघा. नळी असेल तर काढून तोंडाने फुंका. साफ करताना ती सुटी करून रॉकेलमध्ये भिजवा. जागेवर ठेवून कॉम्प्रेसरची हवा मारू नका. माती आत जाईल आणि त्याच दाबाने सील उचलेल. ब्रीदर पुसायला कापसाचं वेस्ट (पुसायचा दोऱ्यांचा गुंता) वापरू नका, दोरे भोकात अडकतात. ब्रीदर मोकळा करून 200 किलोमीटर चालवा. बऱ्याच गाड्यांत गळती तिथेच थांबते. ओठ कडक झाला असेल तर मात्र सील बदलावंच लागेल.

आणि बदलायचं असेल तर पिनियनच्या नटला इम्पॅक्ट गन लावू नका. हे मी मोठ्या आवाजात सांगतो. बऱ्याच हाउसिंगमध्ये बेअरिंगचा ताण चेमटणाऱ्या स्लीव्हवर ठरतो. नट जास्त आवळला की स्लीव्ह आणखी चेमटते आणि ती परत फुगत नाही. नट मागे सोडून काम भागत नाही, नवी स्लीव्ह टाकावी लागते. तो साठच्या पुढचा सूं आवाज इथूनच जन्मतो. म्हणून खोलण्याआधी चाकं आणि ब्रेकची ओढ काढून पिनियन फिरवायला किती टॉर्क (पिळाचा जोर) लागतो ते छोट्या टॉर्क पान्याने मोजून लिहा. नट, पिनियन आणि फ्लँज (पिनियनच्या टोकाची शाफ्ट जोडायची चकती) तिन्हींवर पंचाने एका रेषेत खूण करा. फ्लँजवर सीलने खाच पाडली आहे का, नख फिरवून बघा. नख अडकलं तर फ्लँज बदला किंवा त्या खाचेवर दुरुस्तीची पातळ स्लीव्ह चढवा. सीलच्या ओठाला गेअर ऑइल लावा, सरळ बसवा, नट हाताच्या पान्याने खुणेपर्यंत आणा आणि फिरवायचा टॉर्क पुन्हा मोजा. तो मूळ मापाइतका किंवा किंचित जास्त हवा. नेमका आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्या, मोबाइलवरच्या व्हिडिओतून नाही. पहिल्यांदा करताना अर्धा दिवस जाईल. जाऊ द्या. तिसऱ्या गाडीला हात आपोआप चालतो.

आवाज शोधायला तुळजापूरचा घाट उत्तम. चढाला ॲक्सिलरेटर दाबून आणि उताराला गेअरमध्येच पाय सोडून ऐका. सूं फक्त चढाला येत असेल तर क्राऊनचे (पिनियन फिरवतो त्या मोठ्या दातेरी चाकाचे) आणि पिनियनचे दात बघा. उताराला वाढत असेल तर पिनियन ढिला आहे का तपासा. पॅडलने काहीच फरक पडत नसेल तर चाकाचं बेअरिंग किंवा टायर. मोकळ्या रस्त्यावर हळूच डावीकडे वळवलं की भार उजव्या चाकावर येतो. घरघर वाढली तर उजवं बेअरिंग. डांबरावरून काँक्रीटवर गेल्यावर आवाज बदलला तर टायर. ठोका मोजायलाही शिका: हाउसिंगचा रेशो 4.1 असलेल्या गाडीत चाकाच्या एका फेऱ्याला प्रॉपेलर शाफ्ट (हाउसिंगकडे ताकद नेणारा लांब दांडा) साधारण चार वेळा फिरतो. चाकागणिक एक ठोका म्हणजे चाक किंवा टायर, चार म्हणजे प्रॉपेलर शाफ्ट किंवा पिनियन. शाफ्टच्या सांध्यातल्या क्रॉसच्या टोप्यांभोवती तांबूस भुकटी दिसली तर तो कोरडा पडलाय. शाफ्ट उतरवताना दोन्ही टोकांवर खुणा करा, नाहीतर चुकीच्या जागी बसून नवीच थरथर सुरू होते.

आणखी एक तक्रार येते: फोर-एचमध्ये (चारही चाकांना ताकद देऊन) डांबरावर वळताना गाडी अडखळते. पार्ट-टाइम गाडीत, म्हणजे चारही चाकांची ताकद गरजेपुरतीच लावायची असते तिच्यात, हा बिघाड नाही. पुढची-मागची चाकं वळणात वेगवेगळं अंतर कापतात आणि मध्ये हा फरक सांभाळणारं डिफ्रन्शियल नसतं, म्हणून ताण साठतो. ग्राहकाला टू-एच (दोनच चाकांना ताकद) लावायला सांगा आणि पैसे घेऊ नका. फुल-टाइम गाडी अशी अडखळली तर आधी चारही टायरचा घेर टेपने मोजा. काही कंपन्या घेरातला फरक साधारण 6 मिमीच्या आत ठेवायला सांगतात. दोन नवे आणि दोन झिजलेले टायर घालून आलेल्या गाडीचं पुढची-मागची चाकं जोडणारं कपलिंग खोलायची घाई करू नका.