क्रायटनचं 'मायक्रो' कसं वाचावं

'जुरासिक पार्क'चा लेखक मायकल क्रायटन नोव्हेंबर २००८मध्ये गेला, तेव्हा त्याच्या 'मायक्रो' या विज्ञान-थरार कादंबरीचं लिखाण जेमतेम एक तृतीयांश झालं होतं. त्याची टिपणं आणि आराखडा हाताशी घेऊन लेखक रिचर्ड प्रेस्टनने ते पुरं केलं आणि २०११मध्ये पुस्तक आलं. आमच्यासारखे क्रायटनवेडे मग पानापानावर "हे वाक्य कुणाचं?" करत बसतात. पहिल्या वाचनात हा चाळा नकोच. पुस्तकात तशी काही खूण नाही, आणि थरार मात्र हातचा जातो.

प्रस्तावना गाळू नका. ती खुद्द क्रायटनची आहे, ऑगस्ट २००८ची, आणि तीही अर्धवटच. मुलांना भोवतालची झाडं, किडे ओळखता येत नाहीत, ही निसर्गपटकार डेव्हिड ॲटनबरोची खंत तो तिथे मांडतो. मी शाळेत जीवशास्त्र शिकवते. आमच्या नववीच्या वर्गात कोळ्याला (तो कीटक नव्हे) सर्रास 'कीटक' म्हणतात, त्यामुळे ते वाचून मी पुस्तक खाली ठेवून बाईंसारखी मान डोलावली.

पुढची गोष्ट अशी: केंब्रिज, मॅसॅच्युसेट्समधले सात संशोधक विद्यार्थी हवाईतल्या ओआहू बेटावर एका कंपनीत जातात आणि अर्ध्या इंचाचे होऊन जंगलात अडकतात. जंगलाची पानं सुरू झाली की पेन्सिल घ्या. उंची सुमारे १३० पट घटली, तर वजन घटेल १३० गुणिले १३० गुणिले १३०, म्हणजे जवळपास २२ लाख पट. सत्तर किलोचा माणूस भरेल ३२ मिलिग्रॅम, तांदळाच्या एक-दोन दाण्यांएवढा. म्हणून ही माणसं उंचावरून पडली तरी त्यांना फारसं लागत नाही. पण चार मिलिमीटरचा पावसाचा थेंबही साधारण तेवढ्याच वजनाचा! हे डोक्यात ठेवून पावसाचा प्रसंग वाचा, अंगावर येतो. एवढीशी माणसं आपल्याच हवेत श्वास कसा घेतात, हे मात्र विचारू नका.

खलनायक ड्रेक पुठ्ठ्याचा आहे, त्याची पानं भरभर उलटली तरी चालेल. आणि कुठल्याही पात्रात जीव गुंतवू नका, एवढंच सांगते.

लेखक ओळखायचा खेळ दुसऱ्या वाचनात खेळा, तोही आधी प्रेस्टनचं 'द हॉट झोन' वाचून. इबोलावरच्या त्या पुस्तकात रक्तामांसाचं वर्णन तो कसं करतो ते कळलं, की 'मायक्रो'तली किळसवाणी पानं सगळी क्रायटनच्या खात्यावर टाकायचा मोह आवरतो.

भूक उरलीच, तर 'पायरेट लॅटिट्यूड्स' घ्या. विज्ञानकथा नाही, चाच्यांची आहे, पण ती क्रायटनचीच आहे, हस्तलिखित त्याच्या संगणकात सापडलं होतं. २०२४चं 'इरप्शन' जेम्स पॅटरसनने पुरं केलंय. ते मी तूर्त बाजूला ठेवलंय, पॅटरसनची दोन-दोन पानांची प्रकरणं मला मानवत नाहीत.