जुन्या स्पोर्ट्स कारचे ब्रेक आणि चाकं बदलताना या चुका टाळा

जुनी स्पोर्ट्स कार हातात आली की बहुतेकांची पहिली ऑर्डर ठरलेली असते: मोठ्या डिस्क, चार पिस्टनचे कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) आणि पंधरा-सोळा इंची अलॉय चाकं. पार्सल येईपर्यंत गाडी एकदाही जॅकवर घेऊन खालून बघितलेली नसते. मग "एवढा खर्च केला तरी ब्रेक लागत नाही" अशी तक्रार सुरू होते. दोष बहुतेक वेळा नव्या सामानात नसतोच.

आहे ते दुरुस्त न करता नवं बसवणं

पन्नास वर्षं जुन्या गाडीचे ब्रेक कमजोर वाटतात, कारण ते दमलेले असतात. ब्रेक ऑइल नेणारा रबरी होज (नळी) बाहेरून धडधाकट दिसतो, पण आतून फुगून बंद होत आलेला असतो. पाय दाबला की प्रेशरने ऑइल पुढे ढकललं जातं, पाय काढल्यावर मात्र परत येत नाही. ते एकच चाक घासत राहतं, तापतं आणि गाडी एका बाजूला ओढते. अशा होजच्या टोकाला महागडा कॅलिपर लावलात तर तोही तसाच घासणार. मागचे ड्रम कुणी अ‍ॅडजस्ट केलेले नसतात. आतले शू (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे भाग) ड्रमपर्यंत पोचण्यातच निम्मं पेडल खर्च होतं.

माझी पद्धत ठरलेली आहे. आधी सगळे होज नवे, सिलिंडरचे सील नवे, ताजं ब्रेक ऑइल, चांगले पॅड आणि मागचे शू नीट अ‍ॅडजस्ट. मग काही आठवडे गाडी चालवायची. त्यानंतरही मोठे ब्रेक हवेसे वाटले तर खुशाल घ्या. निम्मे लोक इथेच थांबतात.

गाडी शेवटी थांबवतो तो टायर. चाक लॉक करण्याइतकी ताकद मूळ ब्रेकमध्ये असेल, तर मोठ्या डिस्कमुळे एका कचकचीत ब्रेकला गाडी लवकर थांबत नाही. फायदा होतो तो पुन्हापुन्हा ब्रेक मारताना, कारण मोठी डिस्क उष्णता जास्त पेलते. १९५३ साली जॅग्वार सी-टाइपने डनलॉपच्या डिस्क ब्रेकवर फ्रान्समधली ल माँची चोवीस तासांची शर्यत जिंकली, ती याच जोरावर. प्रतिस्पर्ध्यांचे ड्रम तापून ढेपाळायचे, तेव्हा जॅग्वारचे ब्रेक तसेच लागत होते. तुम्ही घाटातून जोरात उतरत असाल किंवा ट्रॅकवर जात असाल तर हा खर्च सार्थकी लागतो.

कॅलिपर बदलला, मास्टर सिलिंडर तोच

मोठ्या पिस्टनला जास्त ऑइल लागतं. ते देणारा, पेडलला जोडलेला मास्टर सिलिंडर जुनाच राहिला की पेडल खोल जातं, आणि माणूस ऑइलमध्ये एअर राहिली समजून दिवसभर कॅलिपरचं निप्पल (एअर सोडायचा छोटा स्क्रू) उघडझाक करत बसतो. डॅटसन २४०झेडवर टोयोटाचे चार पिस्टनचे कॅलिपर बसवणारे म्हणूनच बरेचदा ७/८ इंची मास्टर सिलिंडर काढून १५/१६ इंची लावतात. फरक दिसायला इंचाचा सोळावा भाग, पण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गानुसार वाढतं. म्हणजे ऑइल सुमारे १५ टक्के जास्त ढकललं जातं आणि तेवढ्याच पायाच्या जोराला प्रेशर साधारण १३ टक्के कमी मिळतं. पेडल वर येतं, पण जड होतं. "मोठाच घेऊन टाकू" म्हणत एक इंची बसवणाऱ्यांना दगडासारखं पेडल मिळतं आणि पाय भरून येतो. आधी कागदावर हिशोब करा. मास्टर सिलिंडर आणि कॅलिपर, दोन्हीकडच्या पिस्टनचे व्यास मोजायला व्हर्नियर पुरतो.

नटाकडे दुर्लक्ष

चाकांच्या बाबतीत लोक पीसीडी (नटांच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास) बघतात, रंग बघतात, ऑफसेटही (चाक किती आत-बाहेर बसतं ते) बघतात. नट मात्र "आटे जुळतात ना, मग झालं" म्हणून डब्यातले कुठलेही लावतात. या चुकीवर मला मनापासून राग आहे.

ओळखीतल्या एका तरुणाच्या २४०झेडचं स्टिअरिंग सत्तरच्या पुढे थरथरायचं. त्याने चाकं पुन्हा बॅलन्स करून घेतली, मग बेअरिंग बदलली, मग टाय रॉडचे एंड बदलले. थरथर होती तशीच. मी पुढचं डावं चाक काढायला घेतलं तर पान्याला हात लावताच दोन नट सैल निघाले. चाक उतरवून भोकात बॅटरी मारली. कडेला दोऱ्याइतकी बारीक चकाकती रेघ होती आणि खाली अ‍ॅल्युमिनियमची काळी भुकटी साचलेली. चाकं जुन्या धाटणीची, सरळ दांड्याचे नट आणि सपाट वॉशर लागणारी. त्यावर लावलेले होते निमुळत्या तोंडाचे नट. नट फक्त भोकाच्या धारेवर टेकत होता. गाडी हलली की धार झिजायची, नट सैल व्हायचा, की पुन्हा कुणीतरी आवळायचं. एका स्टडचे (नट ज्यावर बसतो त्या बोल्टचे) आटे भोकाच्या कडेला घासून निम्मे गेले होते. दोन चाकांची भोकं लांबट झाल्याने ती बादच करावी लागली आणि सगळे स्टड बदलावे लागले. योग्य नटांचा सेट आधीच घेतला असता तर हा सारा खर्च वाचला असता, शिवाय तो तरुण इतके दिवस सुटू शकणाऱ्या चाकावर फिरला नसता.

नवं चाक आलं की मी नट जिथे टेकतो त्या बैठकीवर मार्करचा रंग लावतो, नट हाताने घट्ट करतो आणि काढून बघतो. रंग पूर्ण वर्तुळात रुंद पट्टा होऊन पुसला गेला पाहिजे. बारीक रेघ उमटली तर तो नट त्या चाकाचा नाही. स्पेसर (चाक बाहेर ढकलणारी चकती) घातला असेल तर फेरेही मोजा: १२ मिमी स्टडला १.२५ मिमी पिचचे (दोन आट्यांमधल्या अंतराचे) आटे असतील तर नट किमान दहा फेरे बसला पाहिजे. कमी बसत असेल तर लांब स्टड टाका. "आत्तापुरतं चालेल" हे वाक्य चाकाच्या बाबतीत मी ऐकून घेत नाही.

बाकीच्या, थोडक्यात

पंधरा इंची रिम कॅलिपरवर बसतेच असं नाही. आरे आतून किती फुगलेले आहेत त्यावर ते ठरतं. कॅलिपरचा पुठ्ठ्याचा साचा कापून रिममध्ये फिरवून बघा, मगच पैसे द्या.

एअर जातच नसेल तर निप्पल बघा. ते वरच्या टोकाला हवं. खाली आलं असेल तर डावा-उजवा कॅलिपर उलटा लागलाय.

ब्रेक ऑइलमधलं डॉट ५ सिलिकॉनचं असतं. डॉट ३, ४ आणि ५.१ मध्ये ते मिसळू नका.

मागे जोरदार डिस्क लावून पुढचे ब्रेक मूळचेच ठेवू नका. मागची चाकं आधी लॉक झाली की गाडी गरकन फिरते, आणि ओल्या रस्त्यावर ती सावरायला वेळच मिळत नाही.

तारांच्या चाकांचे हब डावे-उजवे बदलू नका. एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारला डाव्या बाजूला सरळ आटे असतात आणि उजव्या बाजूला उलटे. अदलाबदल झाली की मधला मोठा नट चालता चालता सैल होतो.

टायरचा बाहेरचा व्यास जपा. २४०झेडचा मूळ १७५ मापाचा १४ इंची टायर साधारण ६३५ मिमीचा. १९५/६५ आर १५ जवळपास तेवढाच भरतो. दिसायला झकास म्हणून १९५/५० आर १५ लावलात तर तो ५७६ मिमीचा, आणि गाडी नव्वदने जात असताना स्पीडोमीटरचा काटा शंभराच्या आसपास दाखवेल.

होज बसवल्यावर स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवा, चाक लोंबकळतं ठेवूनही आणि गाडी खाली घेऊनही. होज ताणला जात असेल किंवा टायरला घासत असेल तर तो तसा ठेवायचा नाही.

सगळं जोडून झाल्यावर रिकाम्या रस्त्यावर हळू वेगात पेडल तपासा, मग पॅड बनवणाऱ्याने सांगितलेल्या पद्धतीने ब्रेक मारून नवे पॅड डिस्कवर रुळवून घ्या. ऐंशी-शंभर किलोमीटर झाले की टॉर्क रेंच (ठरावीक जोराने आवळणारा पाना) घेऊन प्रत्येक नट पुन्हा तपासा, चाकं थंड असताना.