पाणी उकळल्याने नायट्रेट जात नाही
विहिरीला लागून गोठा किंवा उकिरडा असेल, अथवा वरच्या अंगाच्या कपाशीला युरिया पडत असेल, तर पावसाळा सरताच त्या पाण्यातील नायट्रेट (शेण-मूत्र आणि खतांतून पाण्यात उतरणारा क्षार) तपासून घ्यावे, कारण त्याला ना रंग असतो, ना वास. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. तुरटी फिरवून वा ब्लीचिंग पावडर टाकून ते निघत नाही; उकळल्यास तर चुलीवरच्या गंजातले पाणी जितके आटते, तितके उरलेल्या पाण्यात ते दाटते. सहा महिन्यांच्या आतील बाळाला दुधाची पावडर अशा पाण्यात कालवून देऊ नये (अंगावरच्या दुधाला ही अडचणच नाही), कारण त्याने रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटून ओठ निळसर पडू शकतात. तपासणीसाठी ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे विचारणा करावी.