ग्वाल्हेरची गाडी बर्फात नेताना

डिसेंबर लागला की आपल्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या कुणाच्या तरी घरी मनालीचा बेत शिजतो, आणि पहिली खरेदी होते ती लोकरीच्या टोप्यांची. टोप्या तिथल्या माल रोडवर ढिगानं मिळतात. आधी बोनेट उघडा. आपल्याकडच्या गाड्या पंचेचाळीस अंशांच्या मे महिन्यात मुरलेल्या. उन्हाळ्यात मिस्त्री कूलंटच्या टाकीत बिनदिक्कत नळाचं पाणी ओततो, आणि इथे ते खपूनही जातं. मनालीपुढच्या अटल बोगद्यापलीकडे, सिस्सू गावात मात्र तेच पाणी रात्री गोठून फुगतं आणि रेडिएटर फोडतं. म्हणून सगळं काढून निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर असं नव्यानं भरा. उणे ३५ अंशांपर्यंत काळजी नाही. भरताना समोर उभे राहा. मी राहिलो नव्हतो. ‘हो गया भैया’ ऐकून निघालो, आणि परत आल्यावर टाकी पाहिली तर आतलं पाणी हिरवं सोडाच, लिंबाच्या सरबताइतकंही रंगीत नव्हतं. नशिबानं त्या खेपेला थंडी बेताची होती.

बॅटरी आपल्या उन्हाळ्यानं आधीच खिळखिळी केलेली असते. ते कळतं पहिल्या गोठलेल्या सकाळी. तीन उन्हाळे काढलेली असेल तर लोड टेस्ट करून घ्या, डिकीत जंपर केबल टाका. डिझेल गाडी असेल तर इथून टाकी काठोकाठ भरू नका. थंडीत डिझेलमधलं मेण साकळून फिल्टर तुंबतो, म्हणून वर पोचेपर्यंत टाकी रिकामी होऊ द्या आणि तिथल्याच पंपावर भरा. लडाखसाठी इंडियन ऑइलनं २०१९ मध्ये उणे ३३ अंशांतही वाहतं राहणारं डिझेल आणलं, ते याच कारणानं.

टायरची नक्षी ३ मिलिमीटरपेक्षा कमी उरली असेल तर जाऊच नका, कायद्याचे १.६ मिलिमीटर बर्फात काही कामाचे नाहीत. हवा मुक्कामी सकाळी, टायर गार असताना तपासा. थंडीनं दाब उतरतो आणि उंचीमुळे काटा चढता दिसतो, त्यामुळे इथला आकडा तिथे चालत नाही. बर्फात टायरला गुंडाळायच्या साखळ्या घेतल्यात तर घरच्या अंगणात एकदा चढवून पाहा. बोटं बधिर झाल्यावर माहितीपत्रक वाचवत नाही. इंजिन ज्या चाकांना ओढतं त्यांनाच त्या लावायच्या, छोट्या गाड्यांत बहुधा पुढच्या. साखळी असताना चाळिशीच्या वर वेग नको, आणि कोरडा डांबरी रस्ता लागला की काढा.

निघण्याची वेळ हाही तयारीचाच भाग. पहाटे चारला निघायची आपली हौस जानेवारीत आवरा. मुरैना ते आग्रा धुकं असं असतं की चंबळचा पूल ओलांडला तरी नदी दिसत नाही. धुकं विरल्यावर निघा, वाटेत मुक्काम करा. डोंगरातही सकाळ टाळायचीच, कारण पाला. आपल्या मराठीत पाला भाजीचा. तिकडचे ड्रायव्हर ‘पाला गिरा है’ म्हणतात तेव्हा रस्त्यावर न दिसणारा बर्फाचा पापुद्रा असतो. सावलीची वळणं आणि पूल यांवर तो दुपारपर्यंत टिकतो. अटल बोगद्याचे ९ किलोमीटर कोरडे ठणठणीत जातात, नि बाहेर पडताच चाकाखाली बर्फ! तोंडाशी पोचण्याआधीच वेग उतरवा.

उतारावर दुसरा गिअर, फार तीव्र असेल तर पहिला. ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर तो तापून ऐन वेळी लागत नाही. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या, तसा नियमच आहे. रात्री हँडब्रेक ओढू नका, गोठून चिकटतो. गाडी गिअरमध्ये, चाकामागे दगड, वायपर उभे. सकाळी काचेवर उकळतं पाणी ओतायचा मोह होतो, काच तडकते. बर्फात अडकून इंजिन चालू ठेवावं लागलं तर आधी सायलेन्सरभोवतीचा बर्फ काढा आणि खिडकी बोटभर उघडी ठेवा. आत साचणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

डिकीत फावडं, टॉर्च, दोन ब्लँकेटं आणि पाणी. गजक, म्हणजे आपली तिळाची मिठाई, मात्र दोन डबे जास्त घ्या. वळणावरच्या चहावाल्याच्या हातावर चार तुकडे ठेवले की पुढे कुठल्या पुलावर पाला आहे, ते तो न विचारता सांगतो.