कुपर्टिनो की वेस्ट विंडसर?

अमेरिकेत नवीन आलेलं कुणी ना कुणी विचारतंच, "घर कॅलिफोर्नियात बे एरियात घ्यावं की न्यू जर्सीत?" मी नऊ वर्षं न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसरला काढली, आता बे एरियातल्या कुपर्टिनोत आहे. माझा उलट प्रश्न ठरलेला असतो: राहणार किती वर्षं?

कुपर्टिनोत तीन बेडरूमचं जुनाट, बैठं घरही दोन मिलियन डॉलरच्या खाली सहसा मिळत नाही. वेस्ट विंडसरला त्याच्या निम्म्यात चार बेडरूम, बेसमेंट आणि हरणं चरायला येतील एवढं अंगण मिळतं. पण प्रॉपर्टी टॅक्स मांडून बघा. कॅलिफोर्नियात १९७८ च्या प्रपोझिशन १३ या कायद्यामुळे कर खरेदीच्या किमतीवर एक टक्का, वर स्थानिक भर थोडी. करासाठी धरलेली किंमत वर्षाला फार तर दोन टक्के वाढते. न्यू जर्सीत दर जवळजवळ दुप्पट. म्हणजे तिकडच्या एक मिलियनच्या घराचा आणि इकडच्या दोन मिलियनच्या घराचा कर सुरुवातीला साधारण सारखाच, वर्षाला वीस हजार डॉलरच्या पुढे.

फरक नंतर पडतो. आमच्या शेजारच्या आजींनी ऐंशीच्या दशकात घर घेतलं. त्यांचा वर्षाचा कर माझ्या तीन महिन्यांच्या कराएवढाही नाही. आधी चिडचिड व्हायची. मग लक्षात आलं, टिकून राहिलो तर पुढचे आजोबा आपणच! ग्रीन कार्डाचं भिजत घोंगडं असेल, पाच वर्षांत हलावं लागणार असेल, तर मात्र इथे भाड्यानेच राहा.

शाळेसाठी गावाच्या नावावर जाऊ नका. पत्ता सॅन होजेचा आणि शाळा कुपर्टिनो स्कूल डिस्ट्रिक्टची, अशीही घरं आहेत. ऑफर देण्याआधी तो नेमका पत्ता डिस्ट्रिक्टकडे तपासा.

न्यू जर्सीत घर बघताना रेडॉनची (जमिनीतून घरात शिरणारा किरणोत्सारी वायू) चाचणी करा, जुनं घर असेल तर जमिनीखाली घर तापवायच्या तेलाची टाकी पुरलेली आहे का तेही बघा. बेसमेंटमध्ये साचणारं पाणी बाहेर फेकणारा संप पंप चालू आहे ना? आमचा एका वादळात वीज गेल्यावर बंद पडला आणि देशातून आणलेले अल्बम भिजले. इकडे बेसमेंट क्वचितच. भूकंपाचा विमा मात्र वेगळा घ्यावा लागतो, नेहमीच्या पॉलिसीत तो नसतो. बर्फ उपसणं सुटलं, याचा आनंद मी अजून दर जानेवारीत साजरा करतो.

न्यूयॉर्कला नोकरी असेल तर प्रिन्स्टन जंक्शनहून ट्रेन आहे, तासाभराहून थोडी जास्त. मराठी शाळा, गणपती, नाटकं दोन्हीकडे भरपूर. बीएमएमचं (बृहन्महाराष्ट्र मंडळ, इथल्या मराठी मंडळांची संस्था) अधिवेशन २०२२ मध्ये अटलांटिक सिटीला झालं, २०२४ मध्ये सॅन होजेला.

आणि आईचा फोन. उन्हाळ्यात न्यू जर्सीत रात्रीचे आठ म्हणजे पुण्यात पहाटेचे साडेपाच, त्यामुळे सकाळीच ऑफिसच्या घाईत उरकायचो. इथे रात्री आठला लावला की तिकडे सकाळचे साडेआठ, तिचा दुसरा चहा चाललेला असतो.