लेथचा चक घेताना या चुका टाळा: मोठा चक म्हणजे पक्की पकड नव्हे

परवा परभणीकडच्या एका पोराचा फोन आला, म्हणला दादा, दहा इंची लेथ घेतलीय, पाच इंची चक स्वस्तात भेटायलाय, घेऊ का? मी म्हणलं थांब, पैसे देऊ नको. (चक म्हणजे लेथवर फिरणारं लाकूड धरून ठेवणारा लोखंडी पंजा.) कारण हीच चूक मी स्वतः केलीय आणि लाकडाच्या लेथवर नवीन उतरलेले लई जण हीच करायलेत.

दहा इंची लेथ म्हणजे स्पिंडलच्या (चक ज्यावर चढतो तो फिरणारा दांडा) मध्यापासून खाली बेडपर्यंत, म्हणजे मशीनच्या आडव्या लोखंडी पाट्यापर्यंत, पाचच इंच जागा असते. त्यात पाच इंची चक फिरतो, नाही असं नाही. पण त्याचं वजन साडेतीन-चार किलोच्या घरात जातं, आणि ते सगळं स्पिंडलच्या नाकावर लोंबतं. त्याच्या पुढं जॉ, म्हणजे लाकूड आवळणारे चकचे जबडे, जॉच्या पुढं लाकूड. लहान लेथचे बेअरिंग आणि अर्ध्या एचपीची मोटर एवढ्यासाठी नसते हो. माझ्याकडं दुकानदारानं "मोठा घ्या, पुढं कामाला येतो" म्हणून पाच इंची गळ्यात मारला होता, तर चालू केल्यावर मशीन टेबलासकट डुगडुगायचं, आणि संध्याकाळी व्होल्टेज पडलं की मोटर नुसती घूंऽऽ करत बसायची, स्पीडच घेत नव्हती. शिवाय चकची लांबी बेडवरच्या जागेतून जाते ते वेगळंच. लहान लेथवर आधीच हातभर जागा, त्यातले तीन-साडेतीन इंच चक आणि जॉनं खाल्ले तर राहिलं काय?

साधारण हिशोब असा ठेवा. आठ-दहा इंची लेथला पावणेतीन-तीन इंची चक. बारा ते सोळा इंचीला पावणेचार-चार इंची, हा दोन-अडीच किलोचा असतो आणि बहुतेकांचं सगळं काम ह्याच्यात होतं. पाच इंची चक वीस इंचीच्या आसपासच्या जड, खाली ओतीव लोखंडाचे पाय असलेल्या मशीनसाठी.

त्याच्याही आधी एक विचारतो, तुम्हाला चक लागतो का? लाटणं, रवीचा दांडा, पाळण्याचे खांब, बाजेचे पाय हे सगळं दोन सेंटरमध्ये, म्हणजे दोन्ही टोकांच्या अणकुचीदार टेकूंमध्ये, धरून होतं, उलट तिथंच बरं होतं. चक लागतो तो आतून कोरायच्या वस्तूला, म्हणजे कुंकवाचा करंडा, वाटी, बाऊल, झाकणाची डबी. तुमचं काम नुसतं लाटण्याचं असंल तर ते पैसे चांगल्या पटाशीत घाला.

आता थ्रेड, म्हणजे स्पिंडलवरचे आटे. चकच्या साईझच्या नादात लोक हे बघतच नाहीत आणि घरी आल्यावर चक स्पिंडलवर चढतच नाही. व्हर्नियर घ्या, स्पिंडलचा बाहेरचा व्यास मोजा, आणि एका इंचात किती आटे आहेत ते मोजा. मधल्या लेथवर बऱ्याचदा १ इंच आणि इंचाला ८ आटे असतात. मोठ्यांवर सव्वा इंच ८ आटे, नाहीतर एम ३३, म्हणजे ३३ एमएम व्यास, आणि साडेतीन एमएमचा पिच (दोन आट्यांमधलं अंतर). सव्वा इंच म्हणजे ३१.७५ एमएम, म्हणजे डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात, पण पिच वेगळा आहे, जमत नाही. जोर लावून फिरवलं तर स्पिंडलचे आटे जातात आणि मग मशीनच खोलायची वेळ येते. आतला इन्सर्ट, म्हणजे आट्यांची वेगळी निघणारी रिंग, बदलता येतो असा चक घेतला तर उद्या लेथ बदलली तरी चक तोच राहतो. लोकल बनवलेल्या लेथचा थ्रेड कशालाच जुळत नसंल तर वाळूजला, लातूरच्या एमआयडीसीत, कुठंही चांगला टर्नर तुम्हाला ॲडॉप्टर काढून देतो, फक्त चक आणि स्पिंडल दोन्ही नेऊन दाखवा, आणि चकची पाठ स्पिंडलच्या खांद्याला घट्ट टेकली पाहिजे हे त्याला सांगा. तिथं फट राहिली की चक डगमगणार म्हणजे डगमगणारच, मग तो कितीही भारी असूद्या.

सगळ्यात महत्त्वाचं आता सांगतो. चकवर लिहिलेला आकडा बॉडीचा असतो, लाकूड धरतात ते जॉ! चार इंची चकसोबत बहुतेक ५० एमएमचे जॉ येतात. पाच इंची विकून मी चार इंची घेतला, आणि कडुनिंबाचा आठ इंची बाऊल लावला, तळाला धरायला ८० एमएमचा गोल खुंट ठेवला, म्हणजे टेनन, आणि जॉ पार उघडून त्याच्यावर आवळले. हाताला एकदम पक्कं वाटलं. आत कोरायला लागलो आणि पटाशी जराशी अडकली, बाऊल सुटून भिंतीवर. तोंडावर शील्ड होती म्हणून वाचलो. नंतर उचलून खुंट बघितला तर त्याच्यावर आठ खाचा होत्या, नखानं दाबल्यासारख्या, आणि दोन खाचांच्या मधलं लाकूड जसंच्या तसं चकचकीत, जॉ तिथं टेकलाच नव्हता. चार जॉ, प्रत्येकाची दोन टोकं, आठ ठिकाणी पकड. बाकी सगळी हवा.

कामून असं होतं? जॉचा आतला गोल एकाच मापाला खरा गोल असतो, जवळपास बंद असताना. जितकं उघडाल तितकी चार तुकड्यांची वळणं खुंटाच्या वळणाशी जुळत नाहीत आणि नुसती टोकं रुततात. म्हणून आपल्या चकचं खरं माप काढून ठेवा: जॉमध्ये तीन-चार एमएमची फट राहील एवढे उघडा, आतला व्यास मोजा, कंपास त्या मापावर धरा आणि खुंट त्याच मापाचा, नाहीतर किंचितच मोठा काढा. मी ते माप मार्करनं लेथच्या हेडवरच लिहून ठेवलंय.

खुंट किती मोठा पाहिजे? बाऊलच्या व्यासाच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा कमी नको. म्हणजे ५० एमएमच्या जॉवर सहा इंची बाऊलपर्यंत बिनघोर काम करा, आठ इंचीला ७०-७५ एमएमचे जॉ वेगळे घ्या. चक बदलू नका, जॉ बदला. खर्च कमी आणि काम नीट. करंड्यासारख्या बारीक कामाला २५-३० एमएमचे जॉ भेटतात, नाहीतर मोठ्या जॉजवळ पटाशी फिरवताना लोखंडाला लागते.

खुंटाची उंची सहा ते आठ एमएम पुरे, पण त्याचं टोक चकच्या तळाला टेकू देऊ नका. बाऊलचा खुंटाभोवतीचा सपाट खांदा जॉच्या तोंडावर बसला पाहिजे, खरा आधार तोच असतो. लाकूड थोडं हलतंय, कोरताना टकटक आवाज येतोय, असं झालं की आधी हेच तपासा.

कारखान्यातला तीन जॉचा लोखंडी कामाचा चक घरी आणून लाकडाला लावणारेही आहेत आमच्याकडं. लोखंडाला तो उत्तमच, पण लाकूड तो तीन बारीक रेघांवर धरतो, कडुनिंब नाहीतर आंब्यासारख्या लाकडात रुतून ढिला होतो, आणि त्याचे जॉ बॉडीच्या बाहेर आले की फिरताना दिसत नाहीत, बोटं फुटतात. नकाच लावू.

आणि ओलं लाकूड. ताजी बाभूळ नाहीतर निंब लावला असंल तर एप्रिल-मेच्या उन्हात खुंट एका रात्रीत आकसतो, गोलाचा लंबगोल होतो. अर्धवट काम चकमध्येच ठेवून घरी गेला असाल तर सकाळी आधी चावी लावून आवळून बघा, टेलस्टॉक (समोरच्या टोकाचा सरकता आधार) टेकवा, स्पीड कमी ठेवा, आणि चावी चकमधून काढली का ते बघूनच बटण दाबा.